काटा पास, एक्सल नापास: कोकणातल्या रस्त्यांवर ट्रकचा भार कसा मोजायचा आणि कसा मांडायचा

साडेअठरा टन पासिंगची (म्हणजे मालासकट तेवढ्या एकूण वजनाला परवानगी असलेली) सहाचाकी गाडी. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, काटापावती १८,३०० किलोची. हिशोब चोख, वर दोनशे किलो शिल्लक. तरीही आंबा घाटाच्या अर्ध्यात मागच्या कमानीचा (पाट्यांच्या स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट तुटतो, नाहीतर जोडचाकातला आतला टायर तापून फुटतो. दोष मालाच्या वजनात नसतो, ते वजन कुठल्या चाकांवर बसलं यात असतो. काटापावतीवर एकूण वजन येतं. कुठल्या एक्सलवर, म्हणजे चाकांच्या आडव्या दांड्यावर, किती आलं ते त्या पावतीवर कुठेच नसतं, आणि गाडी मोडते ती एक्सलवर.

आकडे कुठून येतात

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५८ प्रमाणे प्रत्येक एक्सलचं कमाल सुरक्षित वजन केंद्र सरकार ठरवतं. ते ठरवताना टायर किती, कसले आणि केवढे हे पाहिलं जातं. हल्ली लागू असलेले आकडे २०१८ चे आहेत. रोजच्या मालवाहतुकीत चारच आकडे कामाचे:

पुढचा एक्सल, दोन टायर: ७ टन (आधी ६)
मागचा एकटा एक्सल, चार टायर: ११.५ टन (आधी १०.२)
मागची एक्सलजोडी, आठ टायर: २१ टन (आधी १९)
ट्रेलरचे मागचे तीन एक्सल मिळून: २७ टन (आधी २४)

बाकी सगळं पासिंग ही या चार आकड्यांची बेरीज आहे. सहाचाकी म्हणजे ७ अधिक ११.५, झाले १८.५. दहाचाकी ७ अधिक २१, झाले २८. बाराचाकीला पुढे दोन एक्सल, म्हणून ३५. चौदाचाकीत आणखी एक लिफ्ट एक्सल (वर उचलता येणारा), म्हणून ४२. न्हावा शेव्यातून कंटेनर घेऊन सुटणाऱ्या ट्रेलरचंही तेच: सहाचाकी घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि मागे तीन एक्सल असतील तर ४५.५, दहाचाकी घोडा असेल तर ५५.

या बेरजेत एक अडचण दडलेली आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. पासिंग म्हणजे एक्सलच्या मर्यादांची नेमकी बेरीज असेल, तर गाडी पूर्ण भरल्यावर सूट अशी कुठेच उरत नाही. पुढे सात आणि मागे साडेअकरा, दोन्ही काठोकाठ. माल एक हात मागे सरकला की मागचा एक्सल मर्यादेबाहेर, एक हात पुढे आला की पुढचा. पूर्ण पासिंगवर माल ठेवायला हौद्यात एकच योग्य जागा असते. म्हणून पासिंगपेक्षा तीन-चारशे किलो कमीच भरा. ते सोडलेलं भाडं नव्हे, भार मांडताना होणाऱ्या फरकासाठी ठेवलेली जागा आहे.

२०१८ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांच्या आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) जुनं वजन असतं: सहाचाकीला १६.२ टन, दहाचाकीला २५. शेजारच्या नव्या गाडीत साडेअठरा भरतात म्हणून आपल्या जुन्या गाडीत तेवढं भरायचं नाही. आरसीवर जो आकडा छापला आहे तोच आपला. छोटा हत्ती, पिकअप, ४०७ यांना तर वरचे आकडे लागूच पडत नाहीत. ते आकडे म्हणजे कमाल मर्यादा. छोट्या गाडीच्या एक्सलची मर्यादा कंपनीने त्याहून कितीतरी कमी दिलेली असते. ती आरसीवर आणि गाडीच्या पाटीवर बघा.

टायरवरचा छोटा आकडा

टायरच्या कडेला मापाशेजारी १४६/१४३ असा जोड आकडा असतो. पहिला आकडा एकट्या टायरसाठी, दुसरा जोडीतल्या टायरसाठी. हे किलो नव्हेत, कोष्टकातले क्रमांक आहेत: १४२ म्हणजे २,६५० किलो, १४३ म्हणजे २,७२५, १४५ म्हणजे २,९००, १४६ म्हणजे ३,०००, १४९ म्हणजे ३,२५० आणि १५२ म्हणजे ३,५५०.

आता भागाकार करा. पुढच्या एक्सलवर ७,००० किलो घ्यायचे तर एका टायरवर ३,५०० येतात, म्हणजे पहिला आकडा किमान १५२ हवा. १४६ चे दोन टायर फक्त ६,००० किलो पेलतात. जुनी मर्यादाही बरोबर तेवढीच होती. नव्या पासिंगच्या गाडीला गोदामात पडलेले जुने टायर पुढे चढवले तर कागदावर सात टन आणि रबरावर सहा टन अशी गत होते. मागे एकट्या एक्सलला ११,५०० भागिले ४, म्हणजे २,८७५. तिथे दुसरा आकडा किमान १४५. एक्सलजोडीला २१,००० भागिले ८, म्हणजे २,६२५. तिथे १४२ चालतो. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) टायर पुढे कधीच नको, आकडा काहीही असो.

हा भागाकार चारही टायर सारखा भार उचलतात असं धरून केला आहे. जोडीतल्या आतल्या टायरची हवा कमी झाली की त्याचा वाटा बाहेरच्यावर जातो. हातोडी मारून आवाज ऐकणं ही सवय चांगली, पण वीस पौंडांचा फरक आवाजात कळत नाही. गेज लावा, तोही सकाळी टायर थंड असताना.

माल नेमका कुठे

दोघांनी खांद्यावर बांबू घेतला आणि मधे ओझं टांगलं, तर ओझं ज्याच्या जवळ त्याच्या खांद्यावर जास्त. ट्रकचं गणित एवढंच आहे. त्यासाठी दोन मापं घ्या. पहिलं व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. मागे एक्सलजोडी असेल तर दोन चाकांच्या बरोबर मधल्या बिंदूपर्यंत मोजायचं. दुसरं, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मालाच्या मध्यापर्यंतचं अंतर. मग:

मागच्या एक्सलवर येणारा माल = मालाचं वजन × मालाच्या मध्याचं अंतर ÷ व्हीलबेस

उरलेला माल पुढच्या एक्सलवर. दोन्हीत रिकाम्या गाडीचं त्या त्या एक्सलवरचं वजन मिळवा.

समजा व्हीलबेस ५ मीटर आहे. हौदा ५.४ मीटर लांब आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून ०.८ मीटर मागे सुरू होतो. रिकाम्या गाडीचं वजन पुढे ३,४०० आणि मागे २,९०० किलो. माल १२,००० किलो, म्हणजे ३० किलोचा चिरा धरला तर ४०० चिरे. थर सगळीकडे सारखा लावला तर मालाचा मध्य हौद्याच्या मध्यावर येतो: ०.८ अधिक २.७, म्हणजे ३.५ मीटर. मागे १२,००० × ३.५ ÷ ५ = ८,४००, त्यात २,९०० मिळवून ११,३००. पुढे ३,६०० अधिक ३,४००, म्हणजे बरोबर ७,०००. एकूण १८,३००. दोन्ही एक्सल मर्यादेत.

आता तेच चारशे चिरे, पण खाणीवर भरणाऱ्यांनी मागच्या फळीकडून रचायला घेतले, मागे उंच थर लागला आणि केबिनजवळ जागा मोकळी राहिली. मालाचा मध्य फक्त ४० सेंटीमीटर मागे गेला, ३.९ मीटरवर. मागे ९,३६० अधिक २,९००, म्हणजे १२,२६०. एकूण वजन तेच १८,३००, काटापावती तीच, पण मागचा एक्सल ७६० किलो जास्तीने चालला आहे. या गाडीत मध्य दहा सेंटीमीटर सरकला की २४० किलो इकडचे तिकडे होतात. हा आकडा आपापल्या गाडीसाठी एकदा काढून केबिनमध्ये लिहून ठेवा. मालाचं वजन भागिले व्हीलबेस, त्याचा दहावा भाग, झालं.

भरताना म्हणूनच हौद्याच्या आतल्या कडेला खडूने किंवा ऑइलपेंटने मध्यरेषा काढून ठेवावी. भरणारा कामगार रोज बदलतो. रेषा तिथेच राहते, आणि चिरे रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखे लागतात की नाही हे खाली उभं राहूनही दिसतं. डावी-उजवी बाजूही बघा. वळणाच्या घाटात एका बाजूला जास्त भरलेली गाडी बाहेरच्या कमानीवर झुकते, आणि हे एक्सलच्या आकड्यात दिसत नाही.

गावच्या काट्यावर एक्सल मोजणं

बहुतेक काटे पूर्ण गाडी मावेल अशा लांब प्लॅटफॉर्मचे असतात. त्यांच्यावरही एक्सलचं वजन निघतं. काटेवाल्याला तीन नोंदी लागतील हे आधी सांगा.

गाडी हळू पुढे घ्या आणि फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर आली की थांबवा. मागची चाकं अजून बाहेरच्या रॅम्पवर आहेत. पहिली नोंद. मग पूर्ण गाडी वर. दुसरी नोंद. मग पुढे काढत पुढची चाकं पलीकडे उतरवा, मागची तेवढी प्लॅटफॉर्मवर ठेवा. तिसरी नोंद. प्रत्येक वेळी गाडी न्यूट्रलला, ब्रेक आणि हँडब्रेक सोडलेला. उतरंड असेल तर चाकाला लाकूड लावा, पण ते प्लॅटफॉर्मच्या बाहेरच्या चाकाला. ब्रेक धरलेला असला की कमानीत ताण अडकून राहतो आणि आकडा चुकतो. ड्रायव्हर तिन्ही वेळा आत किंवा तिन्ही वेळा बाहेर. एकदा आत, एकदा बाहेर असं नको.

पहिली आणि तिसरी नोंद मिळून दुसरीच्या जवळ यायला हवी. पन्नास-शंभर किलोंचा फरक ठीक. त्याहून जास्त फरक आला तर बहुधा रॅम्प प्लॅटफॉर्मच्या पातळीत नाही. कोकणात हे फार होतं, कारण पावसाळ्यात काट्याच्या तोंडाशी भराव खचतो आणि पुढे महिनोन् महिने तसाच राहतो. अशा काट्यावर पूर्ण वजन बरोबर येईल, एक्सलचं येणार नाही. दुसरा काटा शोधा.

एक्सलजोडी नेहमी जोडीनेच मोजायची. दोन एक्सल एकाच बॅलन्सवर (दोघांत भार वाटणाऱ्या मधल्या जोडणीवर) टेकलेले असतात. एकच प्लॅटफॉर्मवर घेतला तर दोन-तीन सेंटीमीटरच्या उंचसखलपणाने भार एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि आकडा निरर्थक होतो. पण जोडीतल्या एका एक्सलचे टायर दुसऱ्यापेक्षा सतत जास्त झिजत असतील, तर बॅलन्सचा मधला बुश जाम झाला असण्याची शक्यता मोठी. मग जोडीला २१ टनांची मर्यादा असूनही एका एक्सलवर बारा-तेरा टन बसतात.

रिकाम्या गाडीचीही ही तीन वजनं एकदा घेऊन ठेवा. आरसीवरच्या रिकाम्या वजनावर विसंबू नका. हौदा नंतर बांधलेला, वर कॅरियर, दोन स्टेपन्या, साखळ्या, जॅक, भिजलेली ताडपत्री, ३०० लिटर डिझेलचे अडीचशे किलो. कागदावरच्या आकड्यात दोन-तीनशे किलोंचा फरक सहज निघतो, आणि ताडपत्री-स्टेपनी असेल त्याच टोकाला निघतो.

पास ब्रासमध्ये, काटा टनात

रेती, खडी, मुरूम यांचा वाहतूक पास ब्रासमध्ये असतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. हे आकारमान झालं. वजन त्या मालात पाणी किती यावर ठरतं. कोरडी, सैल रेती ब्रासला साधारण ४.२ ते ४.५ टन. खाडीतून किंवा नदीतून नुकतीच काढलेली, पाणी निथळणारी रेती ५ ते ५.४ टन. खडी सव्वाचार टनांच्या आसपास, क्रश सँड त्याहून जड.

दहाचाकी डंपरचं पासिंग २८ टन आणि रिकामं वजन ११ टन असेल तर माल १७ टन. ४.५ ने भागलं तर पावणेचार ब्रास, ५.२ ने भागलं तर सव्वातीन. दोन्ही वेळा हौदा चारीकडे सारखाच अर्धवट दिसतो. ‘चार ब्रासची गाडी’ म्हणून ओल्या रेतीचे चार ब्रास टाकले तर ते २०.८ टन होतात, पावणेचार टन जास्त. हौद्याला आतून ब्रासच्या खुणा असतातच. त्यांच्या शेजारी ओल्या मालासाठी वेगळ्या रंगाची दुसरी खूण करून घ्या.

चिऱ्याचं वजन कधीच गृहीत धरू नका. मापं खाणीगणिक बदलतात, जांभा सच्छिद्र असल्यामुळे भिजला की जड होतो, आणि २५ किलोचा चिरा व ३५ किलोचा चिरा लांबून सारखाच दिसतो. प्रत्येक नव्या खाणीतले दहा चिरे वेगवेगळ्या थरांतून काढून दुकानातल्या काट्यावर मोजा आणि दहाने भागा. मृगाच्या पावसानंतर हेच पुन्हा एकदा करा. जांभ्याचा मार्चमधला आकडा जुलैत चालत नाही.

उघड्या हौद्यावर पडणारा पाऊसही माल आहे. ५.४ बाय २.३ मीटरच्या हौद्यात २५ मिलिमीटरची एक सर म्हणजे ३१० लिटर, ३१० किलो. इकडे पावसाळ्यात एका दिवसात शंभर मिलिमीटर पडणं ही बातमी नसते. चिऱ्यांमधून पाणी वाहून जातं. रेतीत बरंच थांबतं, आणि मागची फळी गच्च असेल तर ते मागेच साचतं, म्हणजे भार पुन्हा मागच्या एक्सलवर. ताडपत्री घाला आणि तिला खोळ पडू देऊ नका, नाहीतर खोळीत तळं होतं.

मासळीच्या गाडीत बर्फ मोजायचं राहून जातं. क्रेटचे किलो धरले जातात, बर्फाचे नाहीत, आणि निघताना तोच अर्धा भार असतो. आंब्याच्या पेट्यांचं उलट: गाडी उंचीने भरते, वजनाने नाही. तिथे एक्सलची काळजी फारशी नाही, उंचीची आणि वळणावर झुकण्याची आहे. ओल्या ओंडक्यांचं वजन सुक्यांच्या अंदाजाने धरू नका. बांबू आणि सळ्या मागे बाहेर लोंबतात तेव्हा मालाचा मध्य तर मागे जातोच, शिवाय बाहेर आलेल्या मालाचा वेगळा दंड आहे, वीस हजारांचा.

अर्धा माल उतरवला की हायसं वाटतं, तेव्हा

वाटेत दोन-तीन ठिकाणी माल द्यायचा असतो. पहिल्या ठिकाणी मागची फळी उघडून मागचा एक-तृतीयांश माल उतरवला. वरच्याच गाडीत आता ८,००० किलो राहिले, सगळे पुढच्या दोन-तृतीयांश हौद्यात. मालाचा मध्य २.६ मीटरवर आला. मागे ४,१६० अधिक २,९००, म्हणजे ७,०६०. पुढे ३,८४० अधिक ३,४००, म्हणजे ७,२४०. गाडी पासिंगपेक्षा चार टन हलकी झाली आणि तरी पुढचा एक्सल २४० किलो जास्तीत गेला. चार टन उतरवल्यावर पुढचं वजन वाढतं हे पटायला जड जातं, पण बांबूवरचं ओझं पुढच्या माणसाकडे सरकलं की असंच होणार.

याहून वाईट परिणाम मागे होतो. मागची चाकं हलकी झाल्यामुळे ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की ती आधी घसरतात आणि गाडीचं शेपूट फिरतं. म्हणून पहिल्या ठिकाणचा माल हौद्याच्या मागच्या टोकाला एकगठ्ठा न लावता मागून पुढपर्यंत वरच्या थरात लावा. तसं शक्य नसेल तर उतरवल्यावर पुढचे काही थर मागे घ्या. अर्धा तास जातो. घाट उतरायचा असेल तर तो अर्धा तास द्याच.

घाटात आकडे बदलतात

कायद्यातल्या मर्यादा सपाटीवरच्या आहेत. कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा यांपैकी कुठल्याही घाटात गाडी चढायला लागली की भार मागे झुकतो, उतरताना पुढे. भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून दोन मीटरवर, चढ पंधराला एक आणि गाडी वरचीच १८,३०० किलोची धरली तर जवळजवळ ४९० किलो एका एक्सलवरून दुसऱ्यावर जातात. माल जितका उंच रचलेला, तितके जास्त. मध्य ४० सेंटीमीटर मागे गेलेल्या त्या गाडीचा मागचा एक्सल चढावर पावणेतेरा टनांवर पोचतो. मधेच खड्डा आला तर क्षणभर त्याहूनही बराच जास्त. सेंटर बोल्ट इथेच तुटतो. तोही एकट्या भारामुळे नाही: यू-बोल्ट (कमान एक्सलला घट्ट धरणारे) सैल असले की कमानीचे पाटे एकमेकांवर सरकतात आणि आडवा ताण सेंटर बोल्ट झेलतो. कमान उघडून बसवल्यानंतर पहिल्या भरलेल्या फेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा. नवा बोल्ट घालून आवळायचं विसरलं तर पुढचा बोल्टही तसाच जाईल.

उतरताना तेच पाचशे किलो पुढे येतात. पुढचा एक्सल आधीच काठोकाठ असेल तर किंगपिनचा बुश, हबचं बेअरिंग आणि पुढचे ब्रेक यांची परीक्षा होते. स्टिअरिंग जड लागणं, पुढचा टायर बाहेरच्या कडेने खाणं, हब हाताला चटका बसेल इतकं तापणं ही पुढच्या जास्त भाराची लक्षणं. मागे जास्त असेल तर चढावर स्टिअरिंग हलकं होतं, रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर जातात, आणि जोडचाकांच्या आतल्या बाजू एकमेकींना घासल्याच्या खुणा दिसतात. घाटाच्या पायथ्याशी उतरून चारही हब हाताने तपासायला दोन मिनिटं पुरतात.

कमान बसते म्हणून पाटा वाढवणं हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात चुकीचा उपाय. पाटा वाढवला की गाडी बसलेली दिसत नाही, एवढंच. एक्सलचं हाऊसिंग, हबची बेअरिंग, ब्रेकचे ड्रम, टायर हे सगळं आधी होतं तेवढंच पेलतं. उलट कमान बसून मिळणारा इशारा जातो, आणि खड्ड्यातला धक्का कमानीऐवजी चासीला बसू लागतो. चासीला बॅटरीच्या खोक्यापाशी किंवा मागच्या हँगरपाशी बारीक तडे दिसू लागले तर वाढवलेला पाटा आधी आठवा.

कमानीचा खरा उपयोग वेगळाच आहे. एक्सल आणि चासीवरचा रबरी बंपर यांच्यातलं अंतर मोजा: रिकामी गाडी, अर्धी भरलेली, पूर्ण भरलेली, तिन्ही वेळा काट्यावर असतानाच. मिलिमीटर आणि किलो शेजारी शेजारी लिहून ठेवा. पुढे जिथे काटा नाही तिथे, खाणीवर किंवा बंदरावर, पट्टीने अंतर मोजून दोन-तीनशे किलोंच्या आत अंदाज येतो. कमानी जुन्या होतात तसं कोष्टक बदलतं, म्हणून दर सहा महिन्यांनी नवं करा. एअर सस्पेन्शनच्या गाडीत हे चालणार नाही. तिथे हवेचा दाब वाचायचा, कारण उंची तशीच राहते.

लिफ्ट एक्सल आणि ट्रेलर

लिफ्ट एक्सल खाली टेकलेला असतो तेव्हाच तो मोजणीत आहे. चौदाचाकी गाडी ४२ टन भरून लिफ्ट वर घेतला तर त्याचे सात टन उरलेल्या एक्सलवर जातात, आणि त्या सगळ्यांच्या मर्यादा आधीच भरलेल्या आहेत. घाटात चाकांना पकड मिळावी म्हणून काही जण तो क्षणभर उचलतात. तो क्षण नेमका चढावरचा असतो, जिथे मागे पाचशे-हजार किलो आधीच जास्तीचे आलेले असतात. भरलेल्या गाडीत लिफ्ट खाली, विषय संपला. काट्यावर जाताना त्याचा दाबही बघा. खाली आहे पण हवेचा दाब कमी, तर तो नुसता फिरतो, भार घेत नाही.

ट्रेलरला तीन ठिकाणी हिशोब लागतो: घोड्याचा पुढचा, घोड्याचा मागचा, ट्रेलरचे मागचे. वीस फुटी जड कंटेनर चाळीस फुटी ट्रेलरवर एका टोकाला ठेवला की गडबड होते. अगदी पुढे ठेवला तर ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या किंगपिनवर भार येतो आणि घोड्याचा मागचा एक्सल जातो. अगदी मागे ठेवला तर घोडा हलका पडतो, आणि ओल्या रस्त्यावर वळणात ट्रेलर घोड्याला ढकलतो. कंटेनरचं वजन विचारताना आतल्या मालाचं विचारलं की रिकाम्या डब्याचं हेही स्पष्ट करून घ्या. दोन-सव्वादोन टनांचा डबा बऱ्याचदा कुणीच धरलेला नसतो.

गाडी अडवली तर

दंड आरसीवरच्या भरलेल्या वजनाच्या वर किती, यावर लागतो. कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. चार टन जास्त म्हणजे २८,००० आणि हमाली वेगळी. गाडी चालवणारा आणि चालवायला लावणारा, दोघेही या कलमात येतात, तेव्हा भरलं मालकाने आणि अडकला ड्रायव्हर एवढ्यावर भागत नाही. थांबायला किंवा वजनाला नकार दिला तर ४०,०००.

वजनासाठी गाडी नेण्यालाही अंतराची मर्यादा आहे. पुढच्या मार्गावर कुठेही १० किलोमीटरच्या आत, किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत काटा असेल तिथे न्यायला अधिकारी सांगू शकतो. वजन जास्त निघालं तर जादा माल उतरवण्याचा लेखी आदेश मिळतो, आणि तो उतरवेपर्यंत गाडी हलवता येत नाही. उतरवलेल्या मालाची जबाबदारी आपली. पावसात, महामार्गाच्या कडेला रेतीचा ढीग सोडून जायचं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. दुसरी गाडी लवकर मिळेल असे दोन-तीन नंबर जवळ ठेवा.

माल उतरवताना हात आपसूक मागच्या फळीकडे जातो. आधी तीन नोंदी घ्या. पुढचा एक्सल जास्तीत असेल तर मागून माल काढून तो फारसा कमी होत नाही. मागच्या चाकांच्या पलीकडचा माल काढला तर उलट वाढतो. अशा वेळी केबिनजवळचे थर काढा. मागचा जास्तीत असेल तर मागच्या चाकांवरचे आणि त्यांच्या मागचे काढा. वरच्या गाडीत मागच्या टोकाच्या फळीजवळून ५०० किलो काढले की मागच्या एक्सलवरून सहाशेच्या आसपास कमी होतात आणि पुढच्यावर शंभरेक वाढतात, कारण ती जागा एक्सलच्या १.२ मीटर मागे आहे. मग पुन्हा काट्यावर जा, पुढचं, पूर्ण, मागचं असे तिन्ही आकडे पावतीवर घ्या, आणि ती पावती मालाच्या कागदांसोबत लावा.